छताचा आवाज

मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये मिस्त्री फरशीवर काठी ठोकून पाहत होता. एका ठिकाणी आवाज बद्द आला. "पोकळ आहे जी, उखडा लागन," तो म्हणाला. मी त्याच्या हातून काठी घेतली आणि स्वतः ठोकून पाहिलं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी सावनेरजवळच्या कोळसा खाणीत मी असाच छताला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ठोकायचो. आवाज खणखणीत आला तर छत पक्कं, बद्द आला तर माणसं आत न्यायची नाहीत. हे मला आमच्या टोळीतल्या सगळ्यांत जुन्या महादेवकाकांनी शिकवलं. ऐकण्यात चुकलो की ते माझा कान पिळायचे. पुढे मी मॅट्रिक पास म्हणून मॅनेजरनं आमच्या टोळीचा सरदार मलाच केलं. मला ते नको होतं. काका मात्र त्या दिवसापासून मला 'साहेब' म्हणू लागले.

आठवडाही झाला नसेल. ओल्या कोळशाच्या त्या कोंदट वासात मी सब्बल ठोकली. आवाज धड खणखणीत नव्हता, बद्दही नव्हता. दहा माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. सगळ्यांसमोर 'काका, तुम्ही ऐकून बघा' म्हणायची मला लाज वाटली.

"ठीक आहे ना?" मी काकांकडे बघून सरदाराच्या आवाजात म्हणालो.

काकांनी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुम्ही म्हणता तर ठीकच असन, साहेब." आणि पहिले तेच आत गेले.

कोसळलेल्या छताखालून त्यांचा देह बाहेर काढायला संध्याकाळ झाली.

सरदार होण्याआधीचा मी असतो, तर काकांनी माझा कान धरून म्हटलं असतं, "ऐकू नाही येऊन राहिलं काय गा तुले?"