दाढदुखीवरची पाच मिनिटं

त्या काळात मी हडपसरच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला डॉक्टर होते आणि सुट्टीच्या वेळात वारज्यातल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर स्टँड-अप करायचे. विषय एकच, डॉक्टरकी. लोकांना हॉस्पिटलची भीती वाटते, म्हणून ते त्याच्यावर खदाखदा हसतात, हे मी फार लवकर हेरलं होतं. पुढे पुढे तर पेशंट दारातून आत आला, की याच्यात किती मिनिटांचा माल आहे हे मी आधी बघायचे. त्याची मला लाजही वाटत नव्हती.

एका रविवारी सकाळची ड्युटी संपत आली असताना एक काका आले. निवृत्त माणूस, इस्त्रीचा शर्ट, सोबत काकू. म्हणाले, "दाढ दुखतेय. आमचे दातांचे डॉक्टर रविवारी बंद असतात, म्हणून नाइलाजानं आपल्याकडे आलो."

नाइलाजानं! मला इतका आनंद झाला की विचारू नका. तोंडात टॉर्च मारला, दुखणं थांबवणारी गोळी लिहून दिली आणि उद्या तुमच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं. ते खुर्चीतून उठायच्या आत सगळा प्रसंग मी फोनमध्ये टिपून घेतला होता.

त्याच दुपारी चार वाजता मी स्टेजवर गेले. समोर चाळीसेक माणसं, बहुतेक आयटीतली. 'नाइलाजानं'ला जोरदार हशा आला. मग मी काकांची नक्कल सुरू केली. नकला मला चांगल्या जमतात. काका खालचा जबडा सबंध तळहातानं चोळत होते, तसा मी चोळला. दाढ दुखणारा माणूस बोट ठेवून दाढ दाखवतो. काकांनी बोट कुठे ठेवलंच नव्हतं. दोन शब्दांमागे थांबून मी दम खाल्ला, काका खात होते तसाच. एसीत बसून कपाळावरचा घाम पुसला. "काकू फाइलनं वारा घालतायत," मी म्हणाले, "आणि फाइलवर मोठ्या अक्षरात काय, तर मधुमेह!" लोक पुन्हा हसले.

माझा हात जबड्यावरच राहिला. सकाळी जे माझ्या डोळ्यांसमोर बसलं होतं ते मला आता, माइकपुढे दिसलं. दाढ नव्हतीच ती, हृदय होतं. मधुमेहात कित्येकदा छातीत दुखतच नाही, हे मी नव्या डॉक्टरांना शिकवायचे. साधा ईसीजीसुद्धा मी काढला नव्हता. हात अजून जबड्यावरच होता आणि लोकांना तोही विनोदाचाच भाग वाटत होता. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

माइक तिथेच खाली ठेवला आणि जिन्यात जाऊन कॅज्युअल्टीला फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "ते सकाळचे दाढवाले ना, मॅडम?" आणि हसल्या. निघण्यापूर्वी मीच सगळ्यांना तो किस्सा सांगून आले होते. सिस्टरना काकांच्या घरी ॲम्ब्युलन्स पाठवायला सांगितलं. त्यांनी रजिस्टरमधून काकांचा नंबर वाचून दाखवला.

फोन काकूंनी उचलला. मी कोण ते कळल्यावर त्या खूश झाल्या. "अहो डॉक्टर, काय गुण आला तुमच्या गोळीनं! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांच्या. आता गाढ झोपलेत. जेवायलासुद्धा उठले नाहीत."

"काकू, त्यांना उठवा."

"राहू द्या ना, आत्ता कुठे झोप लागलीय."

"आधी उठवा त्यांना!" मी ओरडलेच.

फोन हातात धरूनच त्या आतल्या खोलीत गेल्या असाव्यात. "अहो," त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "अहो, उठता का?" तिसऱ्यांदा त्यांनी काकांना नावानं हाक मारली.