स्पितीला निघालेली गिंडी

ट्रिपला जाऊन आलेल्या लोकांकडे फोटो असतात. आमची ट्रिप अजून निघालीच नाही, त्यामुळे आमच्याकडे नुसते किस्से! चेन्नईतल्या गिंडीच्या वर्कशॉपमध्ये चहा आला की कुणीतरी एक काढतो, त्यातून दुसरा निघतो, आणि मालक ओरडेपर्यंत लेथ बंद.

ट्रिप स्पितीची. हिमाचलात पार वर, बर्फाच्या डोंगरांमधली दरी. झाड नाही, सावली नाही, रस्ता म्हणजे दगड. दादानं ती एका बेअरिंगवाल्यांच्या कॅलेंडरवर पाहिली. जून महिन्याच्या पानावर. जुलै आला तरी त्यानं पान उलटू दिलं नाही. त्या वर्षी आमच्या वर्कशॉपात डिसेंबरपर्यंत जूनच होता!

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, उमेश. तो लेथवर. मी वेल्डिंगला, कारण आठवीनंतर शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं. सेल्वम आमच्याच वर्कशॉपातला फिटर. आणि चौथे रावसार, शेजारच्या बँकेतले क्लार्क. तंजावरचे मराठी. घरात पिढ्यानपिढ्यांचं मराठी, त्यात निम्मं तमिळ. वय पन्नाशीचं, पण ट्रिपचं नाव काढलं की सगळ्यांत आधी हेच खुर्ची ओढून बसणार.

दादा दिवाळीनंतर तापानं गेला. त्याची मोटारसायकल घरासमोर उभी आहे. किल्ली आईच्या कमरेला, चाव्यांच्या जुडग्यात. बाबा मी लहान असतानाच गेलेले. "आता तुला मी डोंगरात घालवणार नाही," एवढंच आईचं म्हणणं. आणि मला जायचंच होतं. त्याच्याच गाडीवर.

तर किस्से.

*

चेन्नईत थंडी नसते. डिसेंबरात पहाटे जरा गार वारा सुटला की लोक माकडटोपी घालतात. आम्हाला थंडीचा सराव हवा होता. सेल्वमचा मामा कासिमेडूच्या बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात होता. रविवारी सकाळी तिथं गेलो. स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर रावसारांच्या बायकोची शाल. दादा नव्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरला, चेन डोक्यावरून ओढली, आणि बर्फाच्या लाद्यांवर सरळ आडवा झाला.

तेवढ्यात खांद्यावर लादी घेऊन एक माणूस आत आला. लुंगी, उघडं अंग. थंडीबिंडी काही नाही. त्यानं ती लांबलचक पिशवी बघितली, पायानं जरा ढोसली आणि विचारलं, "हा कुठला मासा? वंजिरम का?" वंजिरम म्हणजे सुरमई.

आतून दादा ओरडला, "वंजिरमच! एकदम ताजा!"

तो माणूस लादी टाकून जो पळाला, तो मामाला पुन्हा कामावर दिसलाच नाही म्हणे.

हा किस्सा मी हल्ली चार माणसं असतील तेव्हाच सांगतो. एकटा असलो की त्यातली बर्फावरची पिशवीच दिसते.

*

स्पितीच्या रस्त्यावर बर्फ वितळून ओढे वाहतात, ते गाडीवरून पार करावे लागतात. आता असा ओढा आम्ही कुठून आणायचा? पण पावसात आमच्या जवळची वेळच्चेरीची वस्ती बुडाली. अख्खं शहर कपाळाला हात लावून बसलेलं, आणि दादा आनंदानं नाचत आला, "गण्या, ओढा आला!"

गेलो. गुडघाभर पाणी. दादा पहिल्या गिअरमध्ये, रेस न सोडता, झकास पलीकडे. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर वरच्या गॅलरीतून एक अक्का ओरडली, "तंबी, पलीकडे गेलाच आहेस तर दोन पिशव्या दूध आण!"

दादानं दूध आणलं. मग शेजारणीनं ब्रेड मागवला. मग एका पाट्टीला, म्हणजे आजीबाईंना, दवाखान्यात सोडायचं होतं. मग तिच्या सुनेला. दुपारपर्यंत आमचा सराव असा चालला की गल्लीत रांग लागली!

रावसार कडेला छत्री धरून उभे. म्हणाले, "उमेशा, स्पितीत मागे पाट्टी बसणार नाही रे. तेथे तू कसा चालवशील?"

*

काझा हे तिथलं मोठं गाव. तिथल्या एका लॉजवाल्याचा नंबर दादानं कुठून तरी मिळवला. फोन बूथवर आम्ही चौघं एका काचेच्या डब्यात. हिंदी दादाला त्यातल्या त्यात बरी, म्हणून बोलणार तो.

"रास्ता कैसा है?"

"बहुत अच्छा है जी," लॉजवाला म्हणाला. "बस बीच-बीच में रास्ता नहीं है."

दादानं मान डोलावली, जसं काही आमच्या घराजवळचा, आळंदूरचाच रस्ता सांगतोय. मग रावसारांनी रिसीव्हर ओढून घेतला. त्यांचा मुद्दा एकच. दहीभाताशिवाय त्यांचा दिवस संपत नाही.

"दही मिलेगा?"

"मिलेगा जी. याक का."

रावसारांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. आम्हाला वाटलं, गेले, यांची ट्रिप इथंच संपली. त्यांनी बराच विचार केला आणि अगदी हळू विचारलं, "याक शाकाहारी है क्या?"

"घास खाता है जी."

"सेरि," रावसार म्हणाले. "मग चालेल."

*

आमची खंडेनवमी आणि इथली आयुधपूजा एकाच दिवशी. वर्कशॉपात सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात, गंधकुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. साधा पानासुद्धा उचलायचा नाही.

दादाला हे जन्मापासून माहीत. तरी त्या दिवशी पूजेच्या तोंडावर त्यानं ट्रिपसाठी गाडीचं इंजिन खोललं. "तासाभराचं काम!" तासाभरानं मालक हार घेऊन आले. झालं! पिस्टन, रिंगा, वॉशर, सगळं जमिनीवर पसरलेलं, तसंच पूजेत बसलं. एकेका नटाला कुंकवाचा टिळा. सायलेन्सर भिंतीशी उभा केलेला, त्यालाही हार. मालकांच्या म्हाताऱ्या आईनं भक्तिभावानं त्याच्या तोंडात मूठभर चुरमुरे घातले. हे कुणी पाहिलं नाही.

नंतर दादानं सगळं जोडलं, किक मारली. फट्! गाडीच्या मागे मालक उभे, नवीकोरी पांढरी वेष्टी नेसून. चुरमुरे, त्यावर काजळी, सगळं वेष्टीवर!

सेल्वमनं हात जोडले. "सामीनं प्रसाद परत केला!"

"परत नाही केला," दादा म्हणाला. "वाटला."

*

हॉस्पिटलात दादाला ऑक्सिजन लावला होता. मी शेजारी स्टुलावर. त्यानं बोटानं मास्क जरा उचलला आणि म्हणाला, "उंचीवर हवा विरळ असते. आत्ताच सराव करून घेतोय."

सिस्टर धावत आली. "काय बोलतायत ते? मास्क काढू देऊ नका!"

"काही नाही," मी म्हटलं, "ट्रिपचं."

यापुढं या किस्स्यात काही नाही.

*

शेवटचा पोंगलच्या नंतरचा. सकाळी किल्लीवरून आईशी भांडलो. ती स्वयंपाकघरात गेली, मी बाहेर आलो. हँडल लॉक दादा कधी करायचा नाही. मी दोन वायरी सोडवल्या, जोडल्या, किक मारली आणि निघालो. स्पितीला! अंगावर वर्कशॉपचा शर्ट, पायात चप्पल. उत्तर कुठल्या बाजूला एवढं माहीत होतं, बस.

चेन्नई मागं टाकून गुम्मिडिपूंडीच्या पुढं गेलो आणि गाडी आचके द्यायला लागली. पेट्रोल संपलं. नशीब म्हणजे समोरच पंप. ढकलत नेली, ऐटीत म्हटलं, "टाकी फुल!"

पंपावरच्या पोरानं पाइप काढला. "झाकण उघडा."

झाकणाला कुलूप. आणि त्याची किल्ली तीच, गाडीची!

"किल्ली कुठाय?"

"आईकडे."

"आई कुठाय?"

"आळंदूरला."

तो आधी हसला. मग त्याला लोंबणाऱ्या वायरी दिसल्या. मग हसला नाही. पाचसहा जण जमले, मला ऑइलच्या डब्यावर बसवलं आणि गाडीभोवती उभे राहिले. चोर सापडला म्हणून सगळे खूश!

मी पंपावरच्या फोनवरून रावसारांना बँकेत फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "कण्णा, बाळा, जानेवारीत तिकडचा रस्ता बर्फानं बंद असतो."

"रावसार, मला इथं चोर म्हणून धरलंय!"

"ते आईंना सांगतो. पण जानेवारीत कुणी निघतं काय?"

आई लोकल बदलत, पुढं रिक्षा करत, भर उन्हात आली. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर कानाखाली बसणार. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पंपवाल्यांना म्हणाली, "एन् पुळ्ळै दान." माझाच मुलगा. "ही गाडी त्याच्या भावाची." कमरेचं जुडगं काढलं, झाकण उघडलं, पेट्रोल भरून होईपर्यंत टाकीवर हात ठेवून उभी राहिली.

मग पदर कमरेला खोचला आणि मागे बसली. खाली न बघता पाय बरोबर फूटरेस्टवर, हात माझ्या खांद्यावर. आई मोटारसायकलवर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मी अंडी घेऊन चालल्यासारखी गाडी चालवायला लागलो. लॉऱ्या गेल्या, बस गेल्या, एक दूधवाला सायकलवरून पुढं गेला.

मग तिनं माझ्या खांद्यावर टपली मारली.

"अरे, असा चालवत गेलास तर स्पितीला पोचणार कधी? उम्या तर मला याच्या दुप्पट जोरात न्यायचा!"