बायकोच्या नावाचं फूल

माझ्या बायकोच्या नावाचं एक फूल आहे. करंगळीच्या नखाएवढं, जांभळं, तळ्याच्या काठच्या चिखलात उगवतं. बायको वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. तिच्या एका विद्यार्थिनीला सावली गावाजवळच्या तळ्यात ही नवी जात सापडली आणि तिने आपल्या बाईंचं नाव दिलं. माझ्या नावावर घरचं लाइटबिलसुद्धा नाही, पण ते असो.

मागच्या श्रावणात त्याच विद्यार्थिनीचा फोन आला. तिथले मासेमार त्या तळ्यात गवत्या मासा सोडणार होते. गवत्या पाण्यातलं हिरवं काही शिल्लक ठेवत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा टेम्पोतून पाणी-हवा भरलेल्या पिशव्या उतरल्या होत्या, आत इवली इवली पिल्लं. ऊन चढत होतं. आणखी उशीर झाला तर पिल्लं मरणार होती.

ही सरळ पाण्यात जाऊन उभी राहिली आणि इथे आपल्या नावाचं फूल आहे, गवत्या सोडू नका म्हणाली. काठावरची माणसं तापलेली. 

मासेमारांच्या संस्थेच्या अध्यक्षबाई पुढे आल्या. "गवतात जाळं अडकते, फाटते. आमी खावाचं काय? कुठी हाये तुमचं फूल?"

"आता नाई दिसत," ही म्हणाली. "दिवाळीनंतर पाणी उतरलं का येते."

लोक खो खो हसले. न दिसणाऱ्या फुलासाठी भांडणारी बायको आणि काठावर छत्री धरून उभा नवरा. मलाही लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

"त्याले तुमचं नाव नसतं, तं आल्या असत्या काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

आता ही निसर्गावर भाषण ठोकणार आणि माणसं भडकणार, असं मी धरून चाललो. पण तिने पिशव्यांकडे पाहिलं. पिशव्यांतली पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली होती.

"नाई," ती म्हणाली. "नसती आली मी."

या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षबाई टेम्पोकडे वळल्या.

"गवत्या दुसऱ्या तळ्यात, मागच्या बोडीत न्या रे. इथी रोहू-कतलाच सोडा. पर बाई, दिवाळीनंतर फूल नाई दिसलं, तं गवत्या मीच सोडीन."

दिवाळीनंतर आम्ही अख्खा काठ पालथा घातला. फूल नव्हतं. अध्यक्षबाई आमच्या मागे मागे येत होत्या. ही त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"औंदा पाणी उशिरा उतरलं, बाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली पाहू."

फुलाला नाव मिळालं त्या दिवशी हसत पेढे वाटणारी माझी बायको तिथे चिखलात बसली आणि रडली.