राखाडी बटणाच्या मॅडम

मॅडमना बटण दाखवलं की त्या बटणाकडे बघायच्याच नाहीत. दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "हे कोण दाबणार हाय?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याची शीट त्या पुढे उघडूही द्यायच्या नाहीत. सगळे त्यांना राखाडी मॅडम म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर असं काही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, क्रांती चौकातून जरा आत गेलं की एका टायरच्या दुकानावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन खोल्या, एक कुलर, आणि त्या कुलरमध्ये पाणी घालायची मनाई. "माणसाला प्यायला नाय अन् ह्याला गारवा पाहिजे," असं म्हणून त्यांनी तो उन्हाळाभर नुसताच घरघरत ठेवला होता. त्या एक्सेल शिकवायच्या. मॅक्रो, म्हणजे एक बटण दाबलं की सगळं काम आपोआप करणारी युक्ती, शिकायला कंपन्यांमधली नोकरदार माणसंही यायची आणि बाईंचा अवतार बघून आधी जरा हसायची. सुती साडी, पायात रबरी चप्पल, आणि बोलणं थेट खुलताबादच्या बाजारातलं. घरची चांगली बागायती शेती, पण शहरात इतकी वर्षं काढूनही त्यांनी आपल्या भाषेला इस्त्री केली नाही. ऑफिसात गेल्या तरी 'लई' आणि 'नाय' तसंच.

क्लासची परीक्षा मॅडम स्वतः घ्यायच्या नाहीत, खालचे टायरवाले चाचा घ्यायचे. एखाद्याने शीट तयार करून त्यावर बटण बसवलं की मॅडम जिन्यात जाऊन हाक मारायच्या, "चाचा, जरा वर या." चाचा पंक्चर अर्धं टाकून काळ्या हातांनी वर यायचे आणि खुर्चीवर टेकायचे. त्यांना एवढंच सांगितलेलं असायचं की यात एक बटण आहे. चाचांनी "किदर दबाऊं, मॅडम?" असं विचारलं की विद्यार्थी नापास. एकदा एका अकाउंटंटने वाद घातला की हे बटण चाचांसाठी नाहीच, माझ्यासाठी आहे. मॅडम म्हणाल्या, "तू रजेवर गेलास की कोण दाबणार? तवा कुणीतरी चाचाच येणार ना?" क्लासचा माऊस कायम काळा असायचा तो त्यामुळे.

एक्सेलमध्ये बटणं दोन जातींची असतात, हे मला मॅडमकडेच कळलं. एक फॉर्म कंट्रोलचं, साधं. त्याचा रंग बदलत नाही, राखाडी ते राखाडीच. दुसरं अ‍ॅक्टिव्हएक्सचं. त्याला हवा तो रंग देता येतो, माऊस नुसता वर नेला तरी ते उजळतं, त्याला शंभर गोष्टी शिकवता येतात. शिकणाऱ्या सगळ्यांचा जीव त्या दुसऱ्यावर. मॅडम त्याला जावई म्हणायच्या. "आपल्या घरी लई गोड बोलंल. दुसऱ्याच्या मशीनवर नेलं की रुसून बसतंय. जुनी मशीन असली की चालत नाय, नवं अपडेट आलं की चालत नाय, दाबता दाबता कधी आकारच बदलून घेतंय. त्याचं मानपान कोण करणार? त्यापरीस हे आपलं घरचं माणूस बरं. दिसायला काय नाय, पण कुठंबी न्या, कामाला उभं." रंगीत बटण त्यांना करता येत नव्हतं असं नाही. फर्मास करायच्या, एकदा करून दाखवायच्या आणि आमच्यादेखत पुसून टाकायच्या.

मी खुलताबादच्या पलीकडच्या एका गावाच्या वस्तीवरची. आमची मेंढरं होती. पाऊस हटत गेला तशी ती कमी होत गेली, वडील मजुरीला लागले आणि मी मुकुंदवाडीत मामाकडे राहून शिकायला लागले. मॅडमनी मला आधी शिकवलं आणि मग क्लासमध्येच ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझी आई काय करती?" मी म्हटलं, शेरडं राखते, अंगठेबहाद्दर आहे. त्या एकदम उखडल्या. "आईला हसतीस व्हय गं? उद्या तुझं बटण तीच दाबणार हाय." मला तेव्हा ते बोलण्यातलं बोलणं वाटलं.

मग दुष्काळाची वर्षं आली. एक सरलं की वाटायचं, आता सुटलो, की दुसरं दारात. आमच्या गावाच्या विहिरीत टँकरने पाणी ओतायचे आणि माणसं ते शेंदून घ्यायची. आणि इकडे शहर वाढत होतं. बायपासला रोज नवी इमारत उभी राहत होती, आणि सिमेंटलाही पाणी लागतंच. गावांसाठी भरलेला टँकर शहराच्या कडेला एखाद्या बांधकामावर रिकामा व्हायचा आणि कागदावर मात्र गावाला पोचलेला असायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. मी आईला फोनवर विचारायची, टँकर आला का? आई म्हणायची, "आला असंल की. सपनात."

टँकरच्या फेऱ्यांची शीट करून द्यायचं काम एका कार्यालयाने मॅडमच्या क्लासला दिलं. कुठलं कार्यालय ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. त्यांना हवं होतं एकच बटण, 'निघाला'. टँकर भरला की दाबायचं, झाली फेरी. मॅडमनी दोन केली. 'निघाला' कार्यालयात आणि 'पोचला' गावात. 'पोचला' दाबलं की त्या दिवसासमोर वेळ उमटायची आणि ती मग कुणाला खोडता यायची नाही. संध्याकाळी गावोगावच्या फाइली मेलवर आमच्याकडे यायच्या, नेट बंद असलं तर पेनड्राइव्ह कुणाच्यातरी मोटारसायकलवरून यायचा, आणि मी त्या एकत्र करून कार्यालयाला द्यायची. ग्रामपंचायतींमधली मशीनं म्हणजे एकापेक्षा एक म्हातारी, त्यामुळे बटण अर्थातच राखाडी.

फाइली बसवायला मॅडम स्वतः गावोगाव फिरल्या, मी मागे. आमच्या गावात ग्रामपंचायतीचा ऑपरेटर दोन गावांना मिळून एक होता, बहुतेक वेळा दुसऱ्याच गावात असायचा. मॅडमनी खोलीची किल्ली विहिरीवरच्या बायकांकडे द्यायला लावली आणि सगळ्यांना मशीनपुढे रांगेत उभं केलं. माझी आई पुढे यायलाच तयार नव्हती.

"करंट नाय ना लागत?" तिने विचारलं.

"लागला तर साहेबाला लागंल, तुला नाय. दाब."

आईने डोळे मिटून दाबलं. वेळ उमटली. आईने डोळे उघडून विचारलं, "हे मी केलं?" मॅडम म्हणाल्या, "तूच केलं. पण ध्यानात ठेव, पाणी विहिरीत पडल्याबिगर दाबायचं नाय. कुणीबी सांगू दे." त्या उन्हाळ्यात आमच्या गावात एक रीतच पडली. टँकरवाला निघायला लागला की बाया म्हणायच्या, थांब, आधी बटण. आणि बटण दाबायला गेलेली बाई परत येईपर्यंत टँकर हलायचा नाही.

बांधकामांवरचं पाणी आटलं तशी टँकरच्या ठेकेदारांची कुरकुर सुरू झाली. एके दिवशी कार्यालयातून मॅडमना बोलावणं आलं, मीही बरोबर गेले. साहेब तसा वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला वरून फोन यायचे आणि तो ते उचलायचा. तिथे एका कंपनीचा इंजिनिअर नवी शीट घेऊन बसला होता. भिंतीवर मोठ्या पडद्यावर हिरवंगार बटण, 'टँकर पोचला'. माऊस नेला की उजळायचं. साहेब खूश होता.

मॅडमनी पडद्याकडे पाठ केली आणि इंजिनिअरला विचारलं, "हे कोण दाबणार हाय?"

"इथला ऑपरेटर."

"त्याला इथं बसून कसं दिसणार पोचला का नाय ते?"

"ठेकेदार फोन करून सांगेल ना."

"म्हणजे ज्याचा टँकर त्याचंच बोट!"

साहेब मध्ये पडला. म्हणाला, "मॅडम, गावातल्या मशीनवर हे बटण चालत नाही हो. त्याला आपण काय करणार?"

"चालत नाय, म्हणूनच आणलंय ते." मॅडमचा आवाज चढला. बाहेर चहा देणारा थबकला.

साहेबाने मग समजुतीचा सूर लावला. तुमच्याच फाइलीत हे हिरवं बटण बसवा, गावातलं तेवढं काढा, काम तुमच्याकडेच राहील. त्या वर्षी क्लासला विद्यार्थी नव्हते. ते काम गेलं तर क्लासला कुलूप लागणार हे मला माहीत होतं आणि मॅडमनाही माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "हिरवाच रंग पाहिजे असंल तर टँकरला द्या. माझं बटण जिथं पाणी पडतं तिथंच राहणार." आणि रबरी चप्पल फटफटवत जिना उतरून गेल्या. मी मागोमाग पळाले. खाली आल्यावर मला म्हणतात कशा, "चल, उसाचा रस पिऊ. बिनबर्फाचा."

काम गेलं. हिरवं बटण सुरू झालं आणि आमच्या गावाला टँकर रोज पोचू लागला, पडद्यावर. प्रत्यक्षात चार दिवस झाले तरी विहीर कोरडी. मी रडकुंडीला येऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी मला रडू दिलं नाही. म्हणाल्या, "आईला फोन लाव. म्हणावं, हंडे घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या बाया एका टेम्पोत बसून रिकामे हंडे घेऊन कार्यालयाच्या दारात उतरल्या. शिपायाने अडवलं तर मॅडम पुढे झाल्या. कुणी घोषणा दिली नाही की काही फेकलं नाही. साहेबाच्या टेबलावर सगळ्यांनी हंडे मांडले. मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुमचं बटण रोज हिरवं होतंय. आता ह्यात वाकून बघा, कुठं हिरवं दिसतंय का." साहेब हंड्यांखालचे कागद ओढून काढू लागला. तेव्हा माझ्या आईने, आयुष्यात कधी कार्यालयाची पायरी न चढलेल्या माझ्या आईने, बोटाच्या पेराने आपला हंडा वाजवला. मग शेजारणीने तिचा. मग सगळ्यांनीच. त्या खोलीत तो आवाज कसा घुमला ते मी सांगू शकत नाही. मला आईचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

आमच्या बाजूच्या गावांना राखाडी बटण परत मिळालं. बाकीच्या तालुक्यात हिरवंच राहिलं. मी त्याला विजय म्हटलं की मॅडम चिडायच्या. "अर्ध्या गावांचं पाणी अजून रस्त्यात सांडतंय अन् तू पेढे वाटती!" काम मात्र त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही.

क्लास कसाबसा चालत राहिला, पण पुढे रस्ता रुंद करताना टायरचं दुकान गेलं, त्याबरोबर वरचा क्लासही गेला. चाचा गल्लीत आत गेले आणि मॅडम खुलताबादला आपल्या घरी. तिथेही ओसरीवर मुली जमवून शिकवायच्या. मला शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जायची. शेवटच्या आजारात भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर उशीला टेकून होत्या, आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. मी म्हटलं, "मॅडम, आता सगळं मोबाईलवर आलंय. तिथे तुमचं राखाडी बटणही चालत नाही." मला वाटलं त्यांना वाईट वाटेल.

"मग तिथं जे चालतं ते घे की," त्या म्हणाल्या. "मी काय बटणाशी लगीन लावलं होतं? कोण दाबणार तेवढं बघ म्हंजे झालं."

त्या गेल्याचं आईला सांगायला मी गावी गेले. आई शेरडांना पाला टाकत होती. ऐकून तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "माझा अंगठा आजवर सगळ्यांनी धरूनच उठवला गं. तलाठ्यानं, सोसायटीनं, तुझ्या चुलत्यानं. कशावर उठवला ते बी सांगितलं नाय. एक बोट तेवढं तिनं माझं मला दिलं." आणि माझी आई त्यांच्यासाठी मोठ्याने रडली. मीही रडले.

गेल्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा आला. मी गावातच होते. आता ग्रामपंचायतीतलं मशीन कुणी विचारत नाही. ड्रायव्हरच्या मोबाईलमध्येच सगळं. तरुण ड्रायव्हर होता, विहिरीपाशी गाडी लावून पाईप सोडायच्या आधीच त्याने खिशातून मोबाईल काढला. आई काठी टेकत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मोबाईलकडे तिने बघितलंच नाही, त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "हे कोण दाबणार हाय?"

"मीच दाबतो ना, मावशी. रोज मीच दाबतो."

"आण इकडं."

त्याने हसत माझ्याकडे बघितलं. मी हसले नाही. त्याने निमूटपणे मोबाईल तिच्या हातात दिला. पाईप सुटला, पाणी विहिरीत कोसळायला लागलं. आई काठावर उभी राहून आत बघत राहिली, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिने आपलं बोट त्या बटणाच्या वर तसंच उचलून धरलं होतं.