श्रीमंतचं बिनवासाचं क्रीम

तीस वर्षं शेजारी बसून चहा प्यायलेल्या माणसाबद्दल आपल्याला किती थोडं ठाऊक होतं, हे भिमाजीला श्रीमंतच्या दहाव्याला कळलं. त्याचं रान कुठल्या शिवारात, तो दाढीला कुठलं ब्लेड वापरतो, चहात साखर किती घेतो, एवढं भिमाजीनं छातीठोक सांगितलं असतं. त्यापुढं कुणी विचारलं असतं, तर खाली मान घालावी लागली असती.

मिरजगावच्या स्टँडसमोर भिमाजीचं छोटं जनरल स्टोअर्स. बांगड्या, टिकल्या, कंगवे, दाढीचं सामान. शेवटच्या काळात श्रीमंत दर सोमवारी आणि गुरुवारी नगरच्या एसटीची वाट बघत त्याच्या बाकड्यावर टेकायचा. ते कांद्याच्या लिलावाचे दिवस, म्हणून कुठं चाललास असं कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी तो उतरला की भिमाजी हाक द्यायचा, "काय भाव निघाला?"

"कांद्याचं काय खरं हाय व्हय!" एवढं बोलून तो घरची वाट धरायचा. पाय ओढत, चेहरा पार उतरलेला.

तो लिलावाला जातच नव्हता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि तो नगरच्या दवाखान्यात डायलिसिसला जात होता. बायको सविता सोडली तर हे कुणालाही माहीत नव्हतं. एकुलती एक लेक निकिता पुण्यात नोकरीला. तिचं पुणतांब्याच्या एका चांगल्या घरात जमत आलं होतं. पाहुण्यांना कळलं तर म्हणतील, घराण्यातच आजार आहे. आणि निकिताला कळलं, तर तीच लग्न नको म्हणून बसेल. म्हणून श्रीमंतनं कांद्याचा आडोसा धरला होता.

साखरपुड्याला आठ दिवस राहिले असताना तो भरदुपारी दुकानात आला. दोन बाया बांगड्या भरत होत्या. त्या जाईपर्यंत त्यानं सगळे कंगवे उलटेपालटे केले.

"तोंडाला लावायचं काय हाय का?"

"कुनाला, निकीला?"

"न्हाई. मला."

भिमाजीला हसू आवरेना. "आरं तिच्या मारी! लेकीच्या आधी तूच बोहल्यावर चढतो का काय?"

"व्हय. नवरी तेवढी तू बघ." श्रीमंत हसायला गेला, पण फाटलेल्या ओठांनी पुरतं हसू दिलं नाही. कपाळावर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना राखेसारखा कोंडा धरला होता. थंडीनं फुटलंय, असं भिमाजीनं ठरवून टाकलं.

"मग वैनीचं कोल्ड क्रीम लाव की."

"लावलं. लई चकाकतंय. पावना म्हनंल, इवाई तोंडाला तूप चोपडून आला." तो घुटमळला. "तोंड निरोगी दिसाया पायजे, भिमाजी. तेवढा एक दिवस."

पुरुषमाणूस क्रीम मागतो ते गोरं व्हायलाच, एवढंच भिमाजीचं ज्ञान. त्यानं काळ्या रंगाची, वर तरण्या नटाचं चित्र असलेली ट्यूब काढली. हातावर लावून दाखवावं म्हणून श्रीमंतचा डावा हात धरला, तर त्यानं तो चटका बसल्यासारखा मागं ओढला. "उजव्यावर लाव." डावी बाही मनगटापर्यंत ओढून त्यानं गुंडी लावलेली होती. भिमाजीनं ते पाहिलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी श्रीमंत परत आला. गाल लालभडक झाले होते, सालपटं निघत होती.

"आग झाली रं नुसती."

"गोरं व्हायचं म्हंजी थोडं सोसाया..." भिमाजी बोलता बोलता थांबला. श्रीमंतच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला गोरं न्हाई व्हायचं. नुसतं मानसावानी दिसायचं हाय."

भिमाजीनं चष्मा चढवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ट्यूबांवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. एकीत गोरेपणा, दुसरीत सुगंध, तिसरीत गारवा. फळीच्या पार मागं एक पांढरी ट्यूब निघाली, धुळीनं भरलेली. वर कुणाचं चित्र नाही, आत वास नाही, म्हणून कुणी घेतलीच नव्हती. कोरड्या त्वचेसाठी, आंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावावं, असं लिहिलं होतं.

एकदा फसलेला भिमाजी आता घाबरला होता. त्यानं आधी स्वतःच्या तोंडाला लावलं. मग माठातलं पाणी घेऊन श्रीमंतचं तोंड ओलं केलं आणि हलक्या बोटांनी त्यालाही लावलं. आग होते का बघत दोघं बाकड्यावर बसून राहिले.

"दोन-दोन नवरदेव," श्रीमंत म्हणाला.

साखरपुड्याला पुणतांब्याच्या व्याह्यांनी त्याच्या कपाळाला गंध लावलं, कडकडून भेट घेतली आणि म्हणाले, "तब्येत झकास ठेवलीय इवाई." गर्दीत भिमाजीला शोधून श्रीमंतनं आपल्या गालावर एक बोट टेकवलं.

माघात लग्न झालं. चैत्रात, एका गुरुवारी, तो नगरहून परत आला नाही.

दहाव्याला सवितानं सगळं सांगितलं. मग कोनाड्यातून ती ट्यूब आणली. कात्रीनं मधोमध कापून आतून पुसून घेतलेली होती. "तुमीच दिली ना, भाऊजी? लगीन झाल्यावरबी रोज लावायचे. पोरगी कवाबी यील म्हनायचे."

भिमाजीला बोहल्यावर चढायची आपली थट्टा आठवली. मागं ओढलेला डावा हात आठवला; डायलिसिसच्या सुया त्याच हातात टोचत होत्या. आणि एक साधी गोष्ट आता लक्षात आली, की लिलावाला जाणाऱ्या या माणसाच्या अंगाला कधी कांद्याचा वास आला नव्हता.

त्या शेवटच्या गुरुवारी सकाळी श्रीमंत नेहमीसारखाच बाकड्यावर बसला होता. चहा अर्धाच प्यायला.

"ती ट्यूब सपली रं. एक आनून ठीव."

"ठीवतो. तीच ना?"

"तीच. बिनवासाची."

"गाडी आली बघ तुझी."

"व्हय, आली. येतो."