वर्तमानकाळातला नवरा

एका बाईचं बरोबर असलेलं इंग्रजी वाक्य मी भर वर्गात चूक ठरवलं, आणि चुकीचं वाक्य तिच्याकडून घोकून घेतलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर नागपुरात हुडकेश्वरच्या घरी, वरच्या हॉलमध्ये मी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा क्लास सुरू केला. फी नाही. त्यामुळे कोणी तक्रार करत नाही, आणि त्यालाच मी माझी कीर्ती समजत आलो.

ही बाई सक्करदऱ्याहून यायची. एका दवाखान्यात रिसेप्शनवर जागा निघाली होती आणि मुलाखतीत स्वतःची ओळख इंग्रजीतून सांगावी लागणार होती. "सर, ही नोकरी लागलीच पाहिजे," एवढंच ती पहिल्या दिवशी म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. कपाळावर टिकली, हातात बांगड्या. विचारण्यासारखं काही मला दिसलंही नाही.

ओळख सांगायला ती उभी राहिली. नाव, शिक्षण, एक मुलगी, सगळं ठीक. मग म्हणाली, "माय हजबंड वर्क्ड इन बुटीबोरी."

मी हात वर करून तिला थांबवलं. 'वर्क्ड' म्हणजे काम करत होते, 'वर्क्स' म्हणजे करतात, असं फळ्यावर लिहिलं. वर माझा लाडका सिद्धान्तही ऐकवला. आपण नागपूरचे लोक 'मी जेवून राहिलो' म्हणतो. ताटावर बसलेलो असतो, घास तोंडात असतो, आणि क्रियापद बघावं तर आचवून मोकळं झालेलं. या 'राहिलो'पायीच आपल्या माणसाला इंग्रजीत चालू गोष्टसुद्धा भूतकाळात ढकलायची खोड लागते. हा सिद्धान्त मी कुठे वाचलेला नाही, दाढी करताना सुचलेला आहे. पण बायका हसल्या, आणि बायका हसल्या की मी आवरत नाही.

"सर, पण..." ती म्हणाली.

"पण नाही, ताई. म्हणा, वर्क्स."

शेजारचीने तिला कोपराने ढोसलं. "म्हण नं वं! सर काही उखाणा घ्यायले नाही सांगून राहिले तुले."

पुन्हा हशा. एखादी अडली की सगळ्यांनी मिळून तिचं वाक्य म्हणायचं, ही माझी पद्धत. मी हातवारे करून सूर धरला आणि अख्खा वर्ग ओरडला, "हर हजबंड वर्क्स इन बुटीबोरी!" दोनदा, तीनदा. शेवटी तीही म्हणाली. आधी पुटपुटली, मग स्वच्छ, खणखणीत. मी टाळ्या वाजवल्या. मुलाखतीपर्यंत रोज तिच्याकडून ते वाक्य म्हणवून घेतलं.

मुलाखत झाल्यावर ती आली तेव्हा वर्ग सुटला होता. मी पेढ्यांच्या आशेनं तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"नाही झालं, सर."

"कुठे अडखळलात?"

"कुठंच नाही. तुम्ही शिकवलं तसंच म्हटलं. त्या मॅडमनं विचारलं, त्यायची शिफ्ट कोणती? मी म्हटलं, रातपाळी. ते सकाळी येते, चहा घेते, पोरीले शाळेत सोडते, मग झोपते. सगळं इंग्रजीतून, सर. एकही चूक नाही झाली. मलेच नवल वाटून राहिलं होतं." ती खुर्चीच्या पाठीवरचं धूळ नसलेलं लाकूड पुसत होती. "मग त्यायनं माझे कागद पाहिले. त्याच्यात ते वारल्याचा दाखला होता."

कधी, कसे, मुलगी केवढी, असं काहीतरी माणसानं विचारावं. मी विचारलं, "मग पहिल्याच दिवशी सांगितलं काहून नाही?"

"सांगून राहिली होती मी." तिचा आवाज चढला नाही. "मग या साऱ्या बाया एका सुरात म्हणाल्या का ते कामाले जाते. सर, ते गेल्यापासून घरात त्यायचं नाव कोणी काढत नाही. मले रडू येईन म्हणून. मले वाटलं, म्हणू द्या. इथं आलं की तेवढा वेळ बरं वाटे." मग म्हणाली, "आता त्या मॅडमले वाटते, मी खोटारडी आहे."

अशा वेळी गप्प राहणं हे एक काम आहे, आणि ते मला कधी जमलेलं नाही. मी सुरू झालो. उद्याच दवाखान्यात येतो, मॅडमना सांगतो की चूक शिकवणाऱ्याची आहे, हवं तर तसं पत्र लिहून देतो, तिथे ओळख निघते का बघतो, तुम्ही अजिबात काळजी करू नका...

ती दाराशी जाऊन चपला घालू लागली.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "मीच जाऊन मराठीत सांगते. तुम्ही लय बोलता, सर. समोरच्याले बोलूच देत नाही."