बरं होण्याआधीची उपकारस्तुती

“टी.बी. आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लगेच समजावलं, म्हणजे क्षय, फुप्फुसांना लागणारी कीड. परदेशी बाईचं मराठी इतकं स्वच्छ कसं, याचंच मला आधी नवल वाटलं. भीती मागाहून आली आणि मुक्कामालाच राहिली.

बरेच दिवस खोकला होता. आमच्या धावडा गावात सगळे म्हणत, कापसाची धूळ बसली असेल. मग थुंकीत रक्त दिसलं. माझे यजमान तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांनी गाडी जुंपवली. आमची रूथ नुकती चालायला लागली होती. तिला सासूबाईंकडे ठेवून आम्ही जालन्याच्या मिशन दवाखान्यात आलो.

तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. ओसरीत खाट, मोकळी हवा, दूध, अंडी, माशाचं तेल आणि पडून राहणं. पडून राहूनही माणूस थकतो, हे दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला सांगून पटायचं नाही. दर महिन्याला स्प्युटम टेस्ट व्हायची, म्हणजे थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. जंतू दिसले की पुन्हा महिनाभर खाट.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नवस बोलत नाहीत. कापणी झाली की उपकारस्तुती करतात. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, धान्य ठेवायचं, देवाचे आभार मानायचे, जेवण घालायचं. यजमानांनी माझ्या बरं होण्याची उपकारस्तुती आधीच करून टाकली. आशा धरायची तर पुरती धरावी, असं त्यांचं म्हणणं. पंगती उठल्या. पुढच्या टेस्टमध्ये जंतू होतेच.

मग पंचाईत झाली. आभार मानून झाले आणि बाई अजून दवाखान्यात, हा तर अविश्वास, असं मंडळीतले वडीलधारे म्हणू लागले. मला घरी न्यायला यजमान आणि चर्चचे पाळकसाहेब आले. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, “आत्ता घरी गेलात तर हे मुलीला होईल.” पण रूथ मला इतकी हवी होती, की खोकल्यावाचूनही छाती दुखायची. नुसतं उठून गाडीत बसायचं होतं.

“मी येत न्हाई,” मी म्हणाले.

“आशा सोडली का तू?” यजमानांनी विचारलं.

“आशा हाय म्हणूनच लेकरापासून लांब राह्यले. सोडली असती तर कव्हाच आले असते.”

पाळकसाहेबांची प्रार्थना एरवी लांबलचक असे, तिच्यात माझी डुलकी होऊन जाई. त्या दिवशी ते खाटेजवळ खालीच बसले आणि म्हणाले, “प्रभू, ही बाई आजारी हाय. तिचं लेकरू लांब हाय. आम्ही समदे थकलो. तू जवळ थांब.” माझं आमेन मनापासून निघालं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

त्या रविवारी यजमानांनी देवळात उभं राहून सांगितलं, की बायको अजून बरी नाही.

तुमच्या घरी असं आजारपण आलं, तर आजाऱ्याकडून ‘बरं वाटतंय’ असं वदवून घेऊ नका. त्याला हो म्हणायचेही कष्ट होतात.

पुढे टेस्ट लागोपाठ चांगल्या आल्या, तेव्हा मी घरी गेले. रूथने मला ओळखलं नाही. मला बघून ती अंगणभर पळाली आणि आजीच्या लुगड्यामागे लपली. इतकी पळाली, पण तिला धाप लागली नव्हती, खोकला नव्हता. मी उंबऱ्यातच बसले आणि देवाचे आभार मानले.